आठ महिने गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉईन) सुटली होती, भावाने परत घेतली. एमआरआय केला तर मेंदूतली जोडणी बिघडली आहे का ते कळेल का?

नाही कळणार. त्यावर पैसे घालवू नका. मी पुण्यात व्यसनाच्या पेशंटसोबत काम करते. ‘मेंदूची वायरिंग जळली का?’ असं घरचे नेहमी विचारतात. जळत नाही, पण बदलते.

संशोधनात माणसाला स्वस्थ पडायला सांगतात आणि फंक्शनल एमआरआयने मेंदूतल्या रक्ताच्या ऑक्सिजनचे चढउतार टिपतात. ज्या भागांचे चढउतार एका लयीत, ते एकमेकांशी जोडलेले, असं मानतात. २०१० साली वेदनाशामक ओपिऑइड (अफूच्या जातीच्या, गर्दही त्यातलीच) गोळ्यांचं व्यसन जडलेल्यांचा असा अभ्यास झाला. इन्सुला, अमिग्डाला आणि न्यूक्लियस अक्युम्बन्स या मेंदूतल्या भागांची जोडणी निरोगी लोकांपेक्षा कमी दिसली. गोळ्या जितका जास्त काळ घेतलेल्या, तितके बदल जास्त. पण हे गटाच्या सरासरीचं चित्र आहे. एकट्या भावाच्या स्कॅनवरून तो सुधारेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

यातलं इन्सुला तुमच्या कामाचं. शरीराच्या आतल्या जाणिवा तिथे पोचतात, तलफ जाणवण्यातही त्याचा वाटा असतो. आमच्याकडे एक मुलगा होता, टर्की (नशा बंद केल्यावर होणारा शारीरिक त्रास) केव्हाच उतरलेली. एकदा शेजारच्याने डब्यातली पोळीभाजी उघडली, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. गर्द अशाच पन्नीवर ओढतात, ती बघताच ह्याला जांभया सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. घ्यायचा विचारही त्याच्या मनात आलेला नव्हता! शरीर आधी धावतं, आवर घालणारा कपाळामागचा मेंदू मागून येतो. म्हणून ‘शपथ घेतली होतीस ना?’ हे भावाला कृपा करून ऐकवू नका.

मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच न्या आणि बुप्रेनॉर्फिनबद्दल विचारा. जिभेखाली ठेवायची गोळी असते. मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर (जणू कुलपावर) गर्द बसते तिथेच ती बसते, तलफ आणि टर्की दोन्ही आवरते. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं नातेवाईक म्हणतात, त्याने फार नुकसान होतं. गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली गर्दच्या लाटेतच सुरू झालं, तिथेही चौकशी करा.

आणि हे आजच घरात सगळ्यांना सांगा: एवढ्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस जीव घेऊ शकतो. हाक मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडले असतील, तर झोपू देत म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. काय घेतलंय ते लपवू नका, नॅलोक्सोनचं (गर्दवरच्या उताऱ्याचं) इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो.