सपाट पत्र्यावरची ओढ (वाहत्या हवेची वा पाण्याची खेच) काढताना लॅमिनारचे (थराथरांनी संथ वाहणाऱ्या प्रवाहाचे) सूत्र घ्यावे की टर्ब्युलंटचे (खळबळत्या प्रवाहाचे)?

आपण दिलेली माहिती अशी: पत्रा दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद, वारा त्याला समांतर, सेकंदाला १० मीटर वेगाने, शिक्षकांनी ब्लासियसचे, म्हणजे लॅमिनारचे, सूत्र लावायला सांगितले आहे आणि आपल्याला ते पटत नाही. न पटण्याचे कारण आपण लिहिलेले नाही, पण शंका रास्त आहे. हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) ०.००००१५ चौरस मीटर प्रति सेकंद धरली तर पत्र्याच्या टोकाला रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले लांबी, भागिले ही व्हिस्कॉसिटी) १० लाख येतो. सीमास्तर, म्हणजे पत्र्यालगतचा मंदावलेला थर, साधारण ५ लाखांवर लॅमिनारचा टर्ब्युलंट होतो असे धरतात, म्हणजे आपल्या पत्र्यावर तो पुढच्या कडेपासून ७५ सेंटिमीटरवर, अगदी मध्यावर, पालटतो. तेव्हा दोन्ही सूत्रे एकेकटी चुकीची आहेत. ०.०७४ ला रेनॉल्ड्स अंकाच्या पाचव्या मुळाने भागावे, १७४२ ला रेनॉल्ड्स अंकाने भागावे आणि पहिल्यातून दुसरे वजा करावे, ओढीचा गुणांक ०.००२९ येतो. पत्र्याच्या दोन्ही बाजू धरून (एकच बाजू धरण्याची चूक निम्मा वर्ग करतो) ओढ ०.५३ न्यूटन भरते. ब्लासियसने ती ०.२४ आली असती.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण ब्लासियसच्या याच सूत्रापायी माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बुडाला होता.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या मामांचे वर्कशॉप होते. तिथून मी तीन मिलिमीटर जाडीचा, दोन मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला आणि पुढची व मागची कड कानशीने घासून दोन दिवसांत तिला धार आणली. आमच्या शिवाराजवळून कालव्याचा एक सिमेंटचा फाटा जातो. त्याच्या दोन्ही काठांवर लोखंडी पाइप आडवा टाकून त्याला दोन लांब तारांनी पत्रा उभा टांगला, तो ३० सेंटिमीटर पाण्यात बुडेल असा, आणि त्याच्या पुढच्या टोकाला बांधलेली दोरी वरच्या अंगाला स्प्रिंगच्या काट्याला अडकवली. पाण्याचा वेग मोजायला साधन नव्हते, म्हणून नारळ सोडले. १५ मीटर अंतर ते दहा सेकंदांत तोडत. काटा पावणेपाचशे आणि साडेपाचशे ग्रॅम यांच्यामध्ये थरथरत राहायचा.

महाविद्यालयात आमच्या मार्गदर्शकांनी वहीत एक नजर टाकली आणि फळ्यावर ब्लासियसचे सूत्र, १.३२८ भागिले रेनॉल्ड्स अंकाचे वर्गमूळ, असे मांडून उत्तर काढले: सुमारे १०५ ग्रॅम. "तुमचा काटा बिघडलेला आहे," एवढेच ते म्हणाले. मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा मामा हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचे माप मागून आणले, काट्याला लावले आणि म्हणाले, "बघ की लेका, पाचशेच दावतोय. काटा न्हाई बिघडला." दुसऱ्या दिवशी मी ते माप पिशवीत घालून महाविद्यालयात नेले. मार्गदर्शकांनी ते पाहिले नाही. अहवालात मला "मापनातील त्रुटी सुमारे ४०० टक्के" असे वाक्य लिहावे लागले आणि गुणही त्याच मानाने मिळाले.

त्या पत्र्याचा रेनॉल्ड्स अंक ३० लाख होता. पहिल्यापासून टर्ब्युलंट धरले तर ओढ ५१५ ग्रॅमच्या आसपास येते, आणि आरंभीचा तुकडा लॅमिनार धरला तर ४३५. हा हिशेब मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा नीट केला, तेही एका रविवारी, दुपारचे जेवण बाजूला ठेवून.

माझे मत असे की ब्लासियस वर्गात लाडका आहे तो फळ्यावर संपूर्ण मांडून दाखवता येतो म्हणून. प्रांट्ल यांनी १९०४ साली सीमास्तराची कल्पना मांडली, त्यांच्या या शिष्याने १९०८ साली सपाट पत्र्यासाठी ती सोडवून दाखवली, आणि ते गणित खरोखर देखणे आहे. टर्ब्युलंटचा ०.०७४ मात्र प्रयोगांच्या आधाराने बसवलेला आहे, त्यामुळे तो शिकवताना शिक्षकांना ओशाळल्यासारखे होते. आपण शिक्षकांशी वाद घालू नका. त्यांना फक्त फळ्यावर आधी रेनॉल्ड्स अंक काढायला सांगा आणि तो खोडू देऊ नका.

मध्यावरच्या वेगाचा आलेख आपण विचारला आहे. तो ब्लासियसच्या तक्त्यावरून काढता येईल, कारण तिथपर्यंत प्रवाह लॅमिनारच आहे. तिथे स्तराची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आत असेल, शेवटच्या टोकाला मात्र फार तर ३५ मिलिमीटर.

आता माझ्या बाजूच्याही उणिवा सांगायला हव्यात. नारळ पृष्ठभागाचा वेग दाखवतो, खालचा नाही. पत्र्याच्या जाडीची थोडी ओढ आणि पाण्यावर उठणाऱ्या लाटांची थोडी ओढ माझ्या आकड्यात मिसळलेली होती. चौथ्या दिवशी पत्र्यावर बुळबुळीत थर धरला आणि वाचन वाढले, ते मी वगळले. शिवाय ५ लाख ही काही दगडावरची रेघ नव्हे. कालव्याचे पाणी आधीच घुसळलेले असते म्हणून तिथे पालट लवकर होतो, तर शांत वाताच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) चकचकीत पत्र्यावर लॅमिनार प्रवाह २५ लाखांच्या पुढेही टिकवता येतो. म्हणजे तोच पत्रा तशा बोगद्यात, तेवढ्याच रेनॉल्ड्स अंकावर ठेवला असता तर ब्लासियस बराचसा लागू पडला असता. मार्गदर्शकांनी त्या दिवशी हे सांगितले असते तर मी मुकाट्याने ऐकून घेतले असते. ते काटा बिघडला म्हणाले.