संगीत नाटकाच्या ऑडिशनला 16 बार गायला सांगितलेत, कुठला तुकडा गाऊ?

अगं घाबरू नकोस. 16 बार (एक बार म्हणजे साधारण चार मात्रांचा गट) म्हणजे मध्यम लयीत जेमतेम 35-40 सेकंद, त्यात अख्खं गाणं कोंबायला जाऊ नकोस, जिथे पात्राच्या मनात काहीतरी पलटतं तेवढंच घे, बऱ्याचदा ते शेवटाकडे सापडतं.

- वरचा सूर सर्दी झाली तरी लागला पाहिजे, घरी कधीतरी लागतो तो नको.
- नाट्यपद असेल तर ताना आवर, शब्द कळू देत.
- पट्टी, म्हणजे तुझा सा कुठला ते, आधीच सांग. मी पहिल्यांदा सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये पेटीवाल्या काकांना नुसतं "द्या सूर" म्हटलं, त्यांनी दिली काळी 5 (पेटीची पाचवी काळी, बरीच उंच), मी काळी 1वाला, अंतऱ्यात नुसता किंचाळलो. काका मात्र शांतपणे भाता मारत होते!

नोटेशनवर सुरुवात-शेवट पेनने ठळक कर. बाकीचं कॉलबॅक, म्हणजे पुढच्या फेरीचं बोलावणं, आला की बोलू.