बारा हजार डॉलरच्या तीन नोटा

न्यू जर्सीतले एक वाचक, वय ४६, विचारतात: १८९६ च्या ‘एज्युकेशनल’ मालिकेतल्या १, २ आणि ५ डॉलरच्या तिन्ही नोटा एक विक्रेता १२,००० डॉलरना देतोय. बोनस आलाय, कमी पडले तर आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून, घेईन. हे सोन्यासारखंच ना?

नाही. सोन्याचा भाव रोज जाहीर असतो आणि गिऱ्हाईक केव्हाही मिळतं. जुनी नोट विकायची तर बहुधा लिलावघर गाठावं लागतं. तिथे बोलीच्या वर खरेदीदाराकडून साधारण २० टक्के प्रीमियम घेतात. म्हणजे उद्या कुणी एकूण १२,००० मोजले तरी तुमच्या हातात फार तर १०,०००, आणि त्यातूनही कमिशन कापलं जाऊ शकतं. भाव वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला तरी नुसतं मुद्दल सुटायलाच पाचेक वर्षं जातील. पुढे नफा झालाच, तर संग्राह्य वस्तूंवर दीर्घ मुदतीचा केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो; शेअर्सवर तो २० टक्क्यांच्या वर जात नाही.

आयआरएला तर हातच लावू नका. या वयात काढलेल्या रकमेवर आयकर आणि वर सहसा १० टक्के दंड. खात्यातूनच परस्पर नोटा घेतल्या, तरी कायदा ते पैसे काढल्यासारखंच धरतो.

‘या नोटा आजही कायदेशीर चलन आहेत, पैसे बुडणार नाहीत,’ हे विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे. तिन्हींची दर्शनी किंमत मिळून ८ डॉलर. हमी तेवढ्याचीच! आणि २०१४ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरना गेलेली १८९० ची ‘ग्रँड वॉटरमेलन’ ही हजार डॉलरची नोट इथे आणू नका. तशा नोटा जगात मोजक्याच आहेत. तुमच्या नोटा लिलावांत नेहमी दिसतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत १ आणि २ ची नोट पीएमजीच्या (नोटा तपासून ग्रेड आणि प्रमाणपत्र देणारी कंपनी) सीलबंद पाकिटात आहे, ५ ची मात्र साध्या प्लास्टिकमध्ये. ५ च्या नोटेवरची, विजेचा दिवा उंच धरलेली ती पंखवाली स्त्री कुणालाही मोहात पाडेल, मलाही. पण धुऊन-दाबून घड्या लपवलेली किंवा टाचणीची भोकं बुजवलेली नोट फोटोत कोरी करकरीत दिसते. प्रमाणपत्राशिवाय ती घेऊ नका.

हौस आहे ना? मग १ डॉलरची एकच घ्या, तीही बोनसमधून. पीएमजीचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर ताडून पाहा, त्याच ग्रेडच्या नोटांचे अलीकडचे लिलावभाव बघा आणि मगच घासाघीस करा. घरच्या विम्यात अशा संग्रहाला किती मर्यादा आहे, तेही एजंटला आधीच विचारून ठेवा.