कोटाच्या बटणांवर मोजलेली उंची

प्रश्न : लुइस हाइन यांच्या छायाचित्रांमुळे अमेरिकेतील बालमजुरी बंद झाली, असे वाचनात आले. एकट्या छायाचित्रकाराच्या कामाने कायदा बदलतो, हे खरे मानावे काय?

उत्तर : हे विधान अगदीच खोटे नाही, पण त्यात मधली तीस वर्षे गाळली जातात. १८७४ साली जन्मलेले हाइन समाजशास्त्र शिकलेले शिक्षक होते आणि त्यांच्या हाती कॅमेरा आला तोही न्यूयॉर्कमधील शाळेच्या कामासाठी. १९०८ मध्ये ते शिक्षकी सोडून राष्ट्रीय बालमजूर समितीच्या पूर्णवेळ कामाला लागले आणि पुढील दशकभर कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, मासळी डबाबंद करण्याचे कारखाने असे हिंडत राहिले. मालक आत घेत नसत, म्हणून ते कधी अग्निसुरक्षेचे निरीक्षक, तर कधी बायबल विकणारे म्हणून शिरत. मुलाची उंची ते स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून ताडत आणि खिशातल्या वहीत नाव, वय, कामाचे तास, मजुरी हे सारे गुपचूप टिपून घेत. (सोंग घेऊन मिळवलेला पुरावा कितपत नैतिक, हा प्रश्न आजचा वृत्तछायाचित्रकार विचारील, आणि त्याने तो विचारावाही.) माझ्या मते त्यांचे खरे बळ या टिपणांत होते, कारण केविलवाणा चेहरा पाहून हळहळणारा माणूस तेवढ्यावरच थांबू शकतो, पण वय आणि तास लिहिलेले छायाचित्र मालकाला सहजासहजी खोडून काढता येत नाही.

तरीही बालमजुरीला आळा घालणारा १९१६ चा संघीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला, आणि टिकणारा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. त्यामागे कामगार संघटना, समितीचे कार्यकर्ते आणि महामंदीने बदललेले राजकारण हेही होते.

हाइन यांना स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. १९३०-३१ मध्ये त्यांनी एम्पायर स्टेट इमारत बांधणाऱ्या कामगारांची छायाचित्रे टिपली, मात्र त्याच दशकात ग्रामीण दारिद्र्याचे चित्रण करणाऱ्या सरकारी विभागाने त्यांना काम नाकारले. कर्जापायी घर गेले आणि १९४० मध्ये ते विपन्नावस्थेत वारले. समितीसाठी काढलेली त्यांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यांतील बहुतेकांसोबत त्यांनी लिहिलेल्या नोंदीही.