दुसऱ्या स्टेजची घाई नको

मित्रा, रेसच्या गाडीत जादा ताकदीसाठी इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडतात. ३०० हॉर्सपॉवर वाढवणारा हा नायट्रस एकदम सोडलास तर गाडी जागेवर आणि टायर गरगर. म्हणून स्टेज, म्हणजे टप्प्याटप्प्याने सोडायचा. सुटताना १०० हॉर्सपॉवरचा शॉट (झोत). टायरने पकड घेतली की टायमर दुसऱ्या स्टेजचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) उघडतो, उरलेले २०० येतात. मधला उशीर आधी जास्तच ठेव, मग ट्रॅक बघून कमी कर.

खरी गोम इंधनात आहे. नायट्रस स्वतः जळत नाही, तापला की ऑक्सिजन सोडतो. त्या हिशोबात पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळलाच समज. पंप दोन्ही स्टेज एकत्र पेलेल असा घे. इग्निशन टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, प्रत्येक स्टेजला मागे घ्यायचं (ठिणगी उशिरा), ढोबळमानाने दर ५० हॉर्सपॉवरला २ अंश. नायट्रसच्या बाटलीचा दाब ९०० ते १००० पीएसआय. आणि फुल थ्रॉटलचा स्विच (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच नायट्रस सोडू देणारा) नसेल तर किट जोडूच नकोस.