लहानपण, आईवडील आणि आजचं मन : प्रश्नोत्तरे

आईवडिलांच्या वागण्यामुळेच आपण आज असे झालो का, हे विचारणारी पत्रं थांबत नाहीत. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : वडील दारू पिऊन आईला मारायचे. मला नैराश्य येणारच का?

उत्तर : नाही. धोका वाढतो, पण ते अटळ नसतं.

प्रश्न : मोबाइलवर बालपणीच्या आघातांची चाचणी केली. 10 पैकी 6 गुण आले. मी आजारी आहे का?

उत्तर : गुणांवरून आजार ठरत नाही. ही प्रश्नावली अमेरिकेतल्या डॉ. फेलिट्टी आणि डॉ. आंडा यांच्या 1998 सालच्या अभ्यासातून आली. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या 4 ते 12 पट आढळला. पण हे गटाचं गणित आहे. त्रास किती वर्षं झाला, आजी किंवा मावशी पाठीशी होती का, हे त्यात मोजलेलंच नाही. झोप, भूक, काम बिघडलं असेल तर गुण शून्य असले तरी तपासून घ्या.

प्रश्न : माझ्या गोळ्या चालू आहेत. मैत्रीण म्हणते, मूळ बालपणात आहे. दोन दिवसांच्या शिबिरात संमोहनाने दडलेल्या आठवणी बाहेर काढतात. गोळ्या बंद करून जाऊ का?

उत्तर : गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि त्या शिबिराला जाऊ नका. आठवण जशीच्या तशी साठून राहत नाही. सुचवलं की ती घडवताही येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात, लहानपणी बाजारात हरवल्याची खोटी हकीकत सांगितल्यावर 24 पैकी सुमारे चौथा हिस्सा माणसांना ती कमी-अधिक 'आठवली'. मग भरल्या सभागृहात, रडणाऱ्या माणसांच्या गराड्यात काय काय आठवेल? अशा आठवणींवरून लोक सख्ख्या बापाशी संबंध तोडतात. आणि ज्यांच्यावर खरंच अत्याचार झाला, त्यांची जखम उघडी करून रविवारी संध्याकाळी घरी पाठवलं जातं. सोमवारी त्यांना कोण सावरणार? शिबिरवाले तोवर पुढच्या गावी पोचलेले असतात. आघातावर उपचार आहेत, पण ते आठवड्यामागून आठवडे, प्रशिक्षित माणसाबरोबर, आधी झोप आणि सुरक्षितता सांभाळून करायचे असतात. बालपणाबद्दल बोलायचंय, हे तुमच्या डॉक्टरांनाच सांगा. ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतील. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी जरूर विचारा.

प्रश्न : बरं होण्यासाठी आईला माफ करावंच लागेल का?

उत्तर : नाही.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीवर मी रोज ओरडते, कधी हात उचलते, मग रडत बसते. बाळंतपणापासून असंच चाललंय. तिचं आयुष्य बिघडेल का?

उत्तर : तिला जवळ घेऊन 'आई चुकली' म्हणा, लहान मुलांना ते कळतं. पण मला काळजी तुमची वाटते. बाळंतपणानंतरचं नैराश्य 'होईल आपोआप बरं' म्हणत वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. तीन वर्षं फार झाली. याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जवळपास कुणी नसेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलीला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येत असेल, तर आजच घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठा.