सासूबाईंचा टीव्ही आणि आपला खण

प्रश्न : आम्ही पोलंडला, व्रोत्स्वाफमध्ये राहतो. मुलगा आठ वर्षांचा. ड्रोन आले तेव्हापासून कोल्हापूरहून सासूबाईंचा रोज फोन, ‘गाशा गुंडाळा आणि या.’ नवरा म्हणतो, काही होत नाही. मला झोप लागत नाही. काय करू?

ताई, आधी नकाशा काढा. १० सप्टेंबर २०२५च्या पहाटे रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, वॉर्सासकट चार विमानतळ काही तास बंद राहिले, विरिकी गावात एका घराचं छप्पर गेलं. माणूस दगावला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये प्शेवोदूफ गावात क्षेपणास्त्र पडून मात्र दोघं दगावले. ही दोन्ही गावं पूर्व सीमेजवळ. तुमच्या घरापासून युक्रेनची सीमा रस्त्याने ५०० किलोमीटरच्या वर. तेव्हा सासूबाईंची भीती खोटी नाही, पण चॅनेलवाल्यांनी ती फुगवली आहे. आणि नवऱ्याचं ‘काही होत नाही’ तितकंच बिनकामाचं.

माझ्या मते परत जाऊ नका. पण काय झालं तर निघायचं, हे दोघांनी आजच चहा घेता घेता ठरवा. रात्री दोनला तो वाद नको. कीव्हमधल्या आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ला विद्यार्थ्यांना निघण्याचा विचार करा म्हणून सांगितलं होतं. वर्ग चालू, तिकिटं महाग, म्हणून बरेच थांबले. २४ तारखेला रशियाने हल्ला केला, विमानांना आकाशच बंद झालं आणि पोरं थंडीत मैलोन्‌मैल चालत सीमेवर पोचली.

आता कागद. पासपोर्टपेक्षा मला काळजी तुमच्या राहण्याच्या परवान्याची. जुन्या कार्डाची मुदत संपली असेल आणि नवा अर्ज नुसता पडून असेल, तर भारतात जाता येईल, पण परतायला नवा व्हिसा लागेल. घाबरून निघालेल्यांची गाडी इथेच अडते. सगळ्यांचे कागद, थोडे रोख झ्वोटी (पोलंडचं चलन), नेहमीची औषधं, टॉर्च एकाच खणात ठेवा. टॉर्चचे सेल तपासायचं काम मुलाला द्या. हाताला काम असलं की त्याचेही प्रश्न कमी होतील.

सरकारी इशारा मोबाइलवर एसएमएसने येतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तीन मिनिटं चढउतार करणारा भोंगा म्हणजे धोका, तीन मिनिटं एकसुरी म्हणजे टळला. एक ऑगस्टला संध्याकाळी पाचला मात्र पळू नका, तो १९४४च्या वॉर्सा उठावाच्या आठवणीचा असतो. पहिल्या वर्षी मी गॅसवर पिठलं तसंच टाकून तळघरात धावले होते. वर आले तर शेजारच्या आजी फुटपाथवर ताठ उभ्या, आणि पिठलं तळाला लागलेलं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. रोज ठरल्या वेळी ‘जेवलो, बरे आहोत’ एवढं पाठवा, तोही नवऱ्याने. शिवाय १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहिले होते; सासूबाईंनी घरात ऐकलं असेलच. वॉर्सात त्याचं कोल्हापूर स्मारक आहे. सुट्टीत मुलाला घेऊन जा आणि त्याचा तिथला फोटो आजीला पाठवा.